दुसरी बाटली

सरा असे जवळ. मागच्या मंडळींनो, तुम्हीही पुढे या. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. खाटेवर पडल्या पडल्या आपल्या माहेराला पाणी पाजणाऱ्या एका बाईची आहे.

बाटलीभाऊ चपला घालून दारात उभे होते, पण पाय निघत नव्हता. नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायची त्यांची नोकरी, म्हणून हे नाव. आत बायको निजलेली. पेला धरायचंही त्राण नाही. डॉक्टर कालच नजर चुकवून म्हणाले होते, “जवळच राहा.”

“अहो, नदी चढतेय ना?” तिनं आतून विचारलं.

“चढू दे. पुढच्या पुरात घेईन नमुने.”

“पुढचा पूर तुमच्या सासऱ्यांनी कबूल केलाय वाटतं!”

उशाशी बसलेली मेव्हणी डोळे पुसता पुसता हसली.

भाऊंना ठाऊक होतं, संथ वाहताना नदी साळसूद दिसते. काठाकाठाचा मळ पुरातच वाहून येतो. तो मोजला नाही तर वर्षभराच्या मळाचा अंदाज खोटा. आणि त्या अंदाजावरच खालच्या गावाला जलशुद्धीकरण केंद्र मिळायचं होतं. ते गाव म्हणजे तिचं माहेर.

“माझी भाचरं तेच पाणी पितात,” ती म्हणाली. “जा बरं. मी कुठं पळून जात नाही.”

पुलावरून भाऊंनी दोरीला बांधलेली बाटली सोडली. नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची, ही रीत. पहिला नमुना बर्फाच्या पेटीत गेला. दुसरा घ्यायचा तो पाणी उतरू लागल्यावर; चढत्या आणि उतरत्या पाण्यातला मळ सारखा नसतो. पुलाच्या खांबावरच्या मोजपट्टीवर पाणी अजून चढतच होतं.

आत्ताच भरली तर? कुणाला कळणार आहे? ती असेतोवर घरी तरी पोचू.

भाऊंनी दुसरी बाटली भरलीसुद्धा. झाकण लावताना मात्र कानात घुमलं, ‘माझी भाचरं.’

“देवा, तेवढं तिला थांबवून ठेव रे,” म्हणत त्यांनी बाटली नदीत रिकामी केली आणि कठड्याला टेकून बसले. पट्टीवरून नजर हलवली नाही.

पाणी उतरू लागलं. नमुना घेतला, पेटी प्रयोगशाळेत दिली आणि भाऊ धापा टाकत घरी आले. ती जागी होती.

“दोन्ही मिळाले?”

“मिळाले.”

“खरे?”

“अगदी खरे.”

“मग आता मला पाणी द्या.”

भाऊंनी पेल्यात घोटभर पाणी घेतलं, विसळलं, टाकलं. पुन्हा घेतलं, टाकलं. तिसऱ्यांदा विसळू लागले तशी ती खुदकन हसली, “अहो, प्रयोगशाळेत धाडताय की काय मला?”

दोन घोट प्यायली. दिवे लागायच्या सुमारास गेली. हात त्यांच्याच हातात होता.

खालच्या गावात केंद्र उभं राहिलं. भाऊ कधी तिकडे गेले की नळाखाली पेला तीनदा विसळतात. भाचरांची पोरं हसतात. हसू द्या. तुम्ही मात्र घरी जाऊन पाण्याचा पेला भराल ना, तेव्हा पहिल्या घोटाआधी त्या माउलीची आठवण काढा.