जाईचं तेल

साताऱ्याच्या मनुबाईंना वर्षभर धड झोप नव्हती. गोळ्यांनीही भागेना, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले, त्यांना सांगलीला प्रीतीकडे घेऊन आले. प्रीती फुलांच्या सुगंधी तेलांनी मालिश करायची.

लॅव्हेंडरनं फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला तिनं तिळाच्या तेलात जाईचे दोन थेंब टाकले.

"हे नुसतं लावलं तर कातडी चुरचुरते, मावशी. वासानं मन सैल पडतं. कधी कधी जुनं काहीबाही आठवतंही."

मनगटांना तेल चोळताच मनुबाईंचे डोळे मिटले. दुपारचे तीन वाजले होते. थोड्या वेळानं त्या बोलू लागल्या, लहान मुलीच्या आवाजात. शब्द मराठी नव्हते.

प्रीतीनं वडिलांना हाक मारली. आदगोंडांचं आजोळ सीमेपलीकडचं, त्यांना कानडी यायचं. ते पलंगाजवळ वाकले आणि ऐकतच राहिले.

"'अव्वा, बागला तगी,' म्हणतीया. आई, दार उघड."

"मनूला कानडी येतच न्हाई," नाथाजी म्हणाले. "तिला ह्यातलं काय ठाव न्हाई. मी धा वर्साचा आसंन. आमचं वडील, आबा, मिरजंला फुलं घिऊन जायाचं, मी संगं आसायचो. एकदा बंद गोदामातनं रडणं ऐकू आलं. कुलूप तोडलं, तर जाईच्या पाट्यांमदी ही बसल्याली. तीन-चार वर्साची आसंल. लय शोध घेतला, पर कुणी न्यायाला आलंच न्हाई."

पलंगावरून पुन्हा तेच. अव्वा, बागला तगी. आवाज रडवेला होत चालला. मनुबाईंची नखं चादरीवर खरवडत होती, लाकडावर खरवडावीत तशी.

प्रीतीला ऐकवेना. ती उठली आणि तिनं खोलीचं दार सताड उघडलं.

बाहेर ओसरीवर कुणी नव्हतं. पण उंबऱ्यापाशी, अगदी हाताच्या अंतरावर, धापा टाकणाऱ्या एका बाईचा आवाज आला, "बंदे, मगा."

मनुबाईंची नखं थांबली. चेहरा निवळला. त्या कुशीवर वळल्या आणि दिवस मावळेपर्यंत झोपल्या.

"काय म्हणाली ती, आप्पा?" प्रीतीनं कुजबुजत विचारलं.

"आले, लेकरा."

मनुबाईंना उठल्यावर काहीच आठवेना. गाडीत बसण्याआधी नाथाजींनी त्यांना गोदामाची हकीकत सांगितली.

"माज्या आईचं नाव काय हुतं, दादा?"

नाथाजींनी गाडीचं दार उघडून धरलं.

त्यानंतर मनुबाईंना रोज झोप लागते, तेलाशिवाय. प्रीतीनं मात्र जाईची बाटली पुन्हा उघडली नाही.