उरलेले अंतर

मी विमानातल्या एका खुर्चीच्या पाठीत बसवलेला जुना पडदा आहे. मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा लोक माझ्यावर सिनेमे पाहत. आता आवाज एकाच कानात येतो, म्हणून बहुतेक जण नकाशा लावतात आणि झोपतात. नकाशावर एक पांढरे विमान आहे. ते एखाद्या देशाएवढे मोठे दिसते, पण अजून कोणत्याही देशाने तक्रार केलेली नाही. त्याच्याखाली दोन आकडे असतात: उरलेले अंतर आणि उरलेला वेळ. आमच्या दोन विमानतळांमध्ये जवळजवळ अर्धी पृथ्वी येते, त्यामुळे दोन्ही आकडे भरपूर असतात.

एकदा माझ्यासमोर एक बाई बसल्या. त्यांच्या वडिलांचे हृदयाचे ऑपरेशन अडले होते. लेक समोर दिसल्याशिवाय सही करणार नाही, म्हणून ते दवाखान्यात हटून बसले होते आणि डॉक्टर दुपारपर्यंतच थांबणार होते. बाईंनी हे शेजारच्या आजोबांना सांगितले आणि माझ्यावर नजर लावली ती लावलीच. जेवणाचा ट्रे आला तसा परत गेला.

समुद्रावर समोरून वारा लागला. अंतर घटत होते, पण वेळ होता तेवढाच राहिला. मग तो चक्क वाढला. बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू वाऱ्याला मीच बोलावले होते.

"बंद कर ते, पोरी," आजोबा म्हणाले. "तू बघतेस म्हणून का ते पळणार आहे?"

"कळतंय हो. पण नजर काढली तर मागे जाईल असं वाटतं."

"मग नीज जरा. मी बघतो."

बाई खरोखर झोपल्या आणि आजोबा खरोखर चष्मा लावून राखणीला बसले.

नेमका तेव्हाच मी अडकलो. खरे विमान पुढे जात होते. माझ्यातले मात्र समुद्राच्या मधोमध थांबले, आकड्यांसकट. आजोबांनी टिचकी मारली, मग थाप मारली, मग हवाईसुंदरीला बोलावले. हा जुनाच आहे आजोबा, असे म्हणून ती चहा द्यायला गेली. बाई जाग्या होत असल्याची चाहूल लागताच आजोबांनी आपला मफलर माझ्यावर टाकला आणि पोचतोय, पोचतोय, एवढेच म्हणाले. मफलरखाली मी सगळा जोर लावून पाहिला. पण माझा जोर तारेतून येतो, आणि तार आपल्या जागी ठीक होती, म्हणजे याहून जास्त जोर मिळणार नव्हता.

चाके टेकली. बाई फोनवर भावाशी बोलल्या आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"आत नेलं बाबांना," त्या आजोबांना म्हणाल्या. "सारखे विचारत होते, कुठवर आली. दादानं सांगितलं, उतरली, जिना चढतेय. तेव्हा कुठे सही केली."

आजोबांनी मफलर काढला. माझ्यावर विमान अजून समुद्रातच होते.

बाई उठल्या, पण तोवर सगळेच उठले होते. वरच्या कप्प्यांतून बॅगा निघत होत्या आणि वाट बंद झाली होती. त्या टाचा उंचावून दाराकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढे अंतर माझ्या नकाशात मोजलेले नसते.

पुढे काय झाले ते मला कळले नाही. मित्रांनो, मला बोटाने टोचू नका, मी दुखावतो. आणि उतरताना मागे कोणी टाचा उंचावून उभे असेल, तर आपली बॅग जरा नंतर काढा.