आधी आठवडाभर घरात

आमच्या घरात आलेली कुठलीही वस्तू टिकत नाही. येते, आठवडाभर नांदते आणि जाते. चांगला टोस्टर आला, त्याची सवय झाली, की आठव्या दिवशी कुणीतरी अनोळखी माणूस दारात येऊन तो पिशवीत घालून नेतो. मग आम्ही पुन्हा तव्यावर पाव भाजायला मोकळे.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक आहे. दिवसभर लोकांना वरखाली करायची सोय बघतो आणि घरी आला की गॅलरीतल्या टेबलाशी बसून जुनी यंत्रं उघडतो. कुणी घर बदलत असतं, कुणाचं ऑफिस बंद होतं, कुणाला नवीन मॉडेल हवं असतं. त्यांची अडगळ हा उचलून आणतो आणि दुरुस्त करतो. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी घरी येऊन त्या वस्तूंचे फोटो काढते, जाहिरात लिहिते आणि त्या ऑनलाइन विकते. वरखर्चाला पैसे बरे सुटतात, पण डोक्याला ताप असतो तो माझ्याच. नाव नाही, गाव नाही, थेट 'लास्ट किती?' असं विचारणाऱ्यांची या जगात केवढी गर्दी आहे, ते मला या धंद्यात कळलं.

आठवडाभराचा नियमही माझाच. एकदा आम्ही घाईघाईत एक हेअर ड्रायर विकला. दुसऱ्याच दिवशी तो परत आला. सोबत घेणारी बाईही आली आणि तिने दारात उभं राहून माझा असा काही उद्धार केला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. तेव्हापासून ठरवून टाकलं. कुठलीही वस्तू आधी आठवडाभर आपल्या घरात वापरायची. मगच जाहिरातीत लिहायचं, 'स्वतः वापरून पाहिलेली.' खोटं लिहायचं नाही आणि शिव्या खायच्या नाहीत.

सासरे आले आणि हे वापरून पाहायचं खातं आपोआप त्यांच्याकडे गेलं.

त्यांच्या घरातल्या न्हाणीघराची जमीन उखडली होती. सगळी पाइपलाइन बदलायची होती, म्हणून ते दुरुस्ती होईपर्यंत आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यापासून ते तिकडे एकटेच राहत. आयुष्य बस डेपोत गेलेलं. तिथल्या गोंगाटात बोलायचा कंटाळा आला असावा, कारण घरात ते तोंडातून शब्द काढतात तो उसना आणल्यासारखा. नवऱ्यानेही नेमका हाच गुण उचललाय. दोघं बापलेक तासभर शेजारी बसतात, एकमेकांना मीठ सरकवतात आणि उठतात. मला वेड लागायची पाळी येते.

यंत्रांच्या बाबतीत मात्र म्हातारा पक्का होता. जमीन झाडणारं ते चपटं यंत्र घरभर फिरायला लागलं की हे खुर्चीत पाय वर घेऊन त्याच्यावर नजर ठेवून बसायचे. आठवडा संपला की अहवाल एका वाक्यात. "कोपऱ्यात घाबरतं." नाहीतर, "गरम होतं, पण उशिरा." त्यांचं वाक्य मी तसंच्या तसं जाहिरातीत घालायला लागले आणि गंमत म्हणजे लोकांचा विश्वास बसायला लागला.

एवढं सगळं खरं, पण त्यांची बॅग कायम भरलेली असायची. धुतलेले कपडे कपाटात न ठेवता ते परत बॅगेतच घालायचे. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, तर त्यात नुसता कंगवा ठेवला. म्हटलं, माणसाला इथे करमत नाही, आणखी काय? ठेकेदाराचा फोन आला, काम पूर्ण झालं, घर पुसून ठेवलंय. नवरा म्हणाला, "बाबा, रविवारी सोडतो तुम्हाला." ते म्हणाले, "बरं." संपलं. हे काय बोलणं झालं?

त्याच आठवड्यात नवऱ्याने बाळावर लक्ष ठेवायचं यंत्र आणलं. दोन छोट्या डब्या असतात. एक पाळण्याशी ठेवायची, दुसरी आईजवळ. बाळ रडलं की आईला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि आईने तिच्या डबीवरचं बटण दाबलं की तिचं बोलणं बाळाकडे जातं. यंत्र झकास होतं, पण आमच्या घरात बाळ कुठलं? लेक शिकायला दूर गेलेली, तिच्याच खोलीत सासरे. नवऱ्याने सोमवारी एक डबी तिथल्या फळीवर ठेवली. "बाबा, हे आठवडाभर इथे राहू दे," एवढंच म्हणाला. त्यांनी मान डोलावली. त्यांनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. दुसरी डबी माझ्या ओट्यावर. दिवसभर मला पंख्याची घरघर आणि त्यांचं खोकणं ऐकू यायचं. दुपारचं घोरणं तर इतकं स्वच्छ की जाहिरातीत काय लिहायचं ते मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

शनिवारी दुपारी मी वाटाणे सोलत होते आणि डबी बोलायला लागली.

"मी काय म्हणतो," सासऱ्यांचा आवाज आला. मग नुसताच पंखा. "घराचं काम झालं, ते ठीकच आहे."

मला वाटलं, फोनवर आहेत. पण त्यांचा फोन तर माझ्यासमोर चार्जिंगला लावलेला होता.

"नाही, असं नको." त्यांनी घसा खाकरला. "सूनबाई, मला इथे बरं वाटतं. म्हणजे तिकडे वाईट आहे असं नाही. पण तुम्हाला अडचण होत नसेल तर मी..." पुन्हा पंखा. "अडचण कशी होणार नाही? होणारच. पोरगी सुट्टीला आली की झोपेल कुठे? मी हॉलमध्ये झोपेन म्हणावं. हां. मला हॉल चालेल, असं म्हणायचं."

मी हातातल्या शेंगा टाकल्या आणि गॅलरीत जाऊन नवऱ्याला दंडाला धरून ओढत आणलं. त्याच्या हातात तारांना डाग द्यायची गरम सळई तशीच. दोघं ओट्यावर वाकून ऐकत राहिलो. आत माझा सासरा एखाद्या पोराने पाठांतर करावं तसं तेच वाक्य घोकत होता. 'मला हॉल चालेल.' कधी आधी, कधी नंतर. मनासारखं जमलं नाही की "छ्या!" करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हा माणूस स्वतःच्या मुलाच्या घरात राहायला मिळावं म्हणून अर्ज तयार करत होता.

"मला वाटलं त्यांना जायचंय," नवरा कुजबुजला.

"विचारलंस का कधी?"

"ते तरी कुठे बोलले?"

"अरे, तुमच्यापैकी कुणीतरी तोंड उघडा ना! उद्या तू गाडीत घालून सोडून येशील आणि ते तिकडे त्या पुसलेल्या घरात भिंतींकडे बघत बसतील. आणि तू इकडे येऊन म्हणशील, बाबांना तिकडेच आवडतं!"

त्याने सळई सिंकमध्ये ठेवली, ती चरचरली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो नळाकडे तोंड करून उभा राहिला. "पण आता सांगायचं कसं? आपण ऐकलं हे कळलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. असं करू, गाडी बिघडली म्हणून सांगतो."

"किती दिवस बिघडवशील? गाडी दुरुस्त करणारा घरातच आहे, हे त्यांना माहीत नाही का?"

"मग तूच सांग. तुझी इच्छा आहे का ते राहावेत अशी? दिवसभर तर करवादत असतेस."

"करवादते! मग काय आरती ओवाळू?" कुजबुजायचं ठरलेलं, पण माझा आवाज चढला तो चढलाच. "खोलीतला दिवा विझवत नाहीत, दूध उघडं ठेवतात, पेपरची घडी अशी करतात की दुसऱ्याला वाचता येऊ नये. बोलणारच मी. पण मला ते हवेत इथे. दुकानातून आल्यावर दार उघडणारं कुणीतरी आहे याची मला सवय झालीये. त्यांना सोडायचं तर तू एकटा जाऊन सोड, मी यात नाही."

नवरा काही बोलणार, तेवढ्यात ओट्यावरच्या डबीत कुणीतरी खोकलं.

"सूनबाई," डबी म्हणाली, "तुमच्या डबीचं बोलायचं बटण दबूनच बसलंय. तुमचं सगळं इकडे ऐकू येतं."

मग दार वाजलं, चपला वाजल्या आणि सासरे आपली डबी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या डबीकडे बघून त्यांनी मान हलवली. "आणि तिकडचं इकडेही येतं तर. मला वाटलं, ऐकायची डबी फक्त माझीच."

"केव्हापासून ऐकू येतंय?" मी विचारलं.

"सोमवारपासून."

सोमवारपासून या ओट्यापाशी उभं राहून मी काय काय बोलले होते ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकत गेलं. मंगळवारी बहिणीला फोनवर म्हणाले होते, म्हातारा नळ नीट बंद करत नाही, एखाद्या दिवशी घर वाहून जाईल. बुधवारी त्यांच्या खोकल्याची नक्कल केली होती. गुरुवारचं तर आठवायचीही लाज वाटत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"बाबा, अहो, ते सगळं मी अशीच... माझ्या जिभेला हाड नाही." मी पदर नसताना पदर शोधत ओढणीने हात पुसत राहिले. "पण बटण अडकलंय हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

ते डबी उलटी करून बघत राहिले, जणू उत्तर तिच्या पाठीवर छापलंय. मुलाकडे बघितलं. तो नाक ओढत उभा होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी लग्न होऊन आल्यापासून ते सलग जेवढं कधी बोलले नव्हते तेवढं बोलले.

"सांगितलं असतं तर यानं लगेच दुरुस्त केलं असतं. भांड्यांचे आवाज बंद झाले असते, तुझे फोन बंद झाले असते. पोरी, तिकडे मी दिवसभर नळ उघडा ठेवला तरी कुणी काही म्हणत नाही. माझ्या नावानं खडे फोडायलासुद्धा तिकडे कुणी नाही."

मी रडले ते रडलेच, पण आधी त्यांच्या हातातली डबी काढून घेतली आणि नवऱ्याला सांगितलं, जा, बाबांची बॅग आण आणि इथे माझ्यासमोर रिकामी कर.