नऊ एक्स्टेन्शन

हिंदी मुलखातल्या एका शहरात, इलाइट चौराह्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मराठी घरातली अनुसया एकवीस वर्षं फोन घेत होती. कुठला ट्रक कुठे अडकलाय, कुठल्या व्यापाऱ्याला थेट मालकांशी जोडायचं, कुणाला गोदामाचा नंबर द्यायचा, हे ती कागद न बघता सांगे. ड्रायव्हरांच्या बायकांकडे तिचा स्वतःचा मोबाइल नंबरही होता.

मार्चमध्ये मालक जयसिंगजींनी ऑफिसात सर्व्हर बसवायला घेतला. सगळे कॉम्प्युटर त्याला जोडायचे आणि फोनही इंटरनेटवरून चालवायचे. काम निरंजनला मिळालं. तिशीचा मुलगा, मूळचा साताऱ्याकडचा. वडील फौजेत असताना जवळच्या बबीना छावणीत आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. अनुसयाने आडनाव विचारलं तसा तो मराठीत म्हणाला, "मावशी, घराबाहेर मराठी बोलायला मिळतं कुठे इथे?"

ती विरघळलीच. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात त्याच्याही वाटणीची थालीपीठं येऊ लागली.

कोपऱ्यातल्या कपाटात सर्व्हर बसला, भिंतीलगत केबली गेल्या. जेवताना निरंजन विचारी, "लोक फोन करून नेमकं काय विचारतात हो?" ती सांगत जाई, तो लिहून घेई. एके दिवशी त्याने तिच्यासमोर माइक ठेवला. "तुमचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तुम्हीच बोला." बुकिंग के लिए एक दबाइए, गाड़ी की जानकारी के लिए दो. 'कृपया' नीट बसेना म्हणून तिने चार वेळा म्हटलं.

शनिवारी त्याने तिच्या हाती एक यादी दिली. प्रत्येक टेबलावर ज्याचा त्याचा एक्स्टेन्शन नंबर चिकटवायचा होता. नऊ नंबर, नऊ नावं. तिने दोनदा वाचलं.

"निरंजन, माझा नंबर राहिला की रे."

तो स्क्रू आवळत राहिला. "राहिला नाही, मावशी. जयसिंगजी बोलतील तुमच्याशी."

क्षणभर तिला अर्थच लागला नाही. मग लागला. कुणाला कुठे जोडायचं ते सगळं तिनेच तर त्याला जेवता जेवता सांगितलं होतं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून." त्याने मान वर केली नाही. "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने केलं असतं. तुमचं तेच झालं असतं ना?"

"झालं असतं. पण त्याला मी घास घातला नसता."

"मावशी, ऐका तरी..."

"भैया, आप अपना काम कीजिए," ती म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी मराठीत बोलली नाही.

जयसिंगजींनी आत बोलावून समजूत काढली. "अनुसयाजी, आवाज़ तो आपकी ही रहेगी. लोगों को लगेगा आप ही बैठी हैं."

"वही नहीं चाहिए," ती म्हणाली, आणि आपला आवाज वापरायचा नाही असं लिहून दिलं.

शेवटच्या दिवशी निरंजनने तिचं रेकॉर्डिंग पुसेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. मग आपल्या मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला. कुणा अनोळखी बाईचा गुळगुळीत आवाज आला. तिने फोन बंद केला, पर्स उचलली आणि कुणाचाही निरोप न घेता घराकडे, प्रेम नगरला जाणारा सवारी टेम्पो पकडला.

तीन आठवडे ती घरात नेहमीसारखी वावरत होती. नवरा, लक्ष्मण, विचारी, "बरी आहेस ना?" ती म्हणे, "मला काय झालंय?"

मग एका दुपारी कश्मिराचा फोन आला, एका ड्रायव्हरच्या बायकोचा. "दीदी, दो दिन से इनका फ़ोन बंद है. ऑफिस की मशीन घुमाती रहती है, कोई बोलता ही नहीं."

अनुसयाने आधी कानपूरच्या गोदामातल्या मुनिमाला फोन लावला, मग त्याने सांगितलेल्या ढाब्यावर. ट्रकचा एक्सल तुटला होता, कश्मिराचा नवरा सुखरूप होता, मोबाइल बिघडून बंद पडलेला. तिने कश्मिराला कळवलं.

"भगवान भला करे, दीदी. आप फिर कब बैठेंगी ऑफिस में?"

"अब नहीं बैठूँगी."

फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. लक्ष्मण पाण्याचा पेला घेऊन आला. तिच्या शेजारी जमिनीवर टेकला आणि काही न विचारता बसून राहिला.