कच्चा गुडघा

इंद्रजित चौगुलेचा डावा गुडघा पाच महिन्यांनी दवाखान्यातून परत आला, तेव्हा तो कच्च्या मातीचा होता. सोबत डॉक्टरांचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'सावलीत वाळवावा. पूर्ण वाळेपर्यंत दाबू नये.'

गुडघा परत आला हेच पुष्कळ, असं चिंचतळ पेठेत सगळे म्हणाले. इंद्रजित तालमीच्या कट्ट्यावर पाय लांब करून बसला आणि पेठ त्याला बघायला आली. जो आला त्यानं आंबा पिकला की नाही बघावं तसा अंगठ्यानं गुडघा दाबून बघितला. प्रेमानंच. प्रत्येक वेळी अंगठा जरा आत गेला, आणि दाबणारा म्हणाला, "अजून वलं हाय गा. पर रविवारपतोर हुतंय बघ."

रविवारी दगडी वेस पेठेच्या संघाबरोबर फुटबॉलची सेमीफायनल होती.

मालनआक्का हे सगळं समोरच्या दारातून बघत होती. तालमीसमोर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन आणि एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेत चिंचतळच्या अकरा गुलबक्षी जर्सी. सामन्याच्या सकाळी त्या मारुतीपुढे ठेवायच्या आणि मग मालनआक्कानं एकेकाच्या हातात द्यायच्या, ही तिच्या सासूपासूनची रीत. कोचनं यादी कशीही करावी, आक्काच्या हातून जर्सी मिळाली तर तो खेळाडू, नाहीतर प्रेक्षक. सामना झाला की जर्सी तिच्याकडेच परत यायच्या. ती धुवायची, उसवलेलं शिवायची. सासूनं आणखी एक नियम घालून दिला होता: ओल्या जर्सीनं मैदानात पाय टाकायचा नाही. जर्सी ओली असेल तर तो नंबर त्या दिवशी बाहेर.

गुरुवारी कोच दिलावरमामा आले आणि मशीनपाशी कागद ठेवून उभे राहिले.

"आक्का, धाच नावं लिवलीत. अकरावी ओळ तू भर."

"कोच तू का मी?"

"यादीचा कोच मी. जर्सीची मालकीण तू."

"गुडघा दाबून बघितलास?"

"बघितला. नखापतोर आत गेला अंगठा."

"मग विचारालाईस कशाला?"

दिलावरमामांनी मैदानाच्या दिशेला मान वळवली. "आपला गोल बघितलास न्हवं?" ते म्हणाले.

तिनं बघितला होता. इंद्रजित जायबंदी झाला त्या दिवसापासून चिंचतळच्या बाजूचा गोल रुंदावत होता. दर सामन्याला चार पावलं. खांब सरकला की ग्राउंडमन आडव्या दांडीला एक बांबू जोडायचा, आणि आता नऊ बांबू झाले होते. संघटनेची माणसं टेप घेऊन आली होती. हंगामाच्या सुरुवातीला मोजलेलं माप वहीत बरोबर आहे, तेव्हा गोलही बरोबर आहे, असं सांगून ती चहा पिऊन गेली. गोलकीपर सर्फराजनं सायकल मागितली, ती नियमात बसली नाही. मागचे तीन सामने चिंचतळनं सात-सहा, नऊ-आठ आणि अकरा-दहा असे जिंकले होते. फॉरवर्डच्या पोरांना आता घरचा जिनाही चढवत नव्हता.

त्या गोलच्या मधल्या आठ पावलांत आनंदा होता.

आनंदा म्हणजे मालनआक्काचा धाकटा दीर. चौऱ्याहत्तर सालच्या फायनलला त्याचा घोटा नारळाएवढा सुजला होता. सासू त्याच वर्षी गेलेली, आणि जर्सी वाटायची मालनची ती पहिलीच खेप. ट्रंक उघडून ती बसली तर दारात अख्खी पेठ उभी. "वैनी, दे," आनंदा म्हणाला, "एवढीच म्याच." तिनं दिली. चिंचतळनं फायनल मारली, गुलाल उडाला, बँड वाजला, लोक घरी गेले. जर्सी मात्र दहाच परत आल्या. आनंदा मैदानातून बाहेरच आला नाही. तो अजून खेळत होता. वय बावीसच राहिलेलं, केस त्या वेळच्या पद्धतीनं कानावर आलेले, डोळे चेंडूवर. हाक मारली तर त्याला ऐकू जात नसे. खेळाडू त्याला वळसा घालून पळत आणि रेफरी त्याला धरत नसत. चौऱ्याहत्तरच्या गोलची जी आठ पावलं, तेवढी तो राखायचा. तिथून पन्नास वर्षांत एकही चेंडू आत गेला नव्हता. दर सोमवारी मालनआक्का मैदानाच्या कठड्यावर डबा ठेवायची, भाकरी आणि खर्डा. मंगळवारी डबा धुवून ठेवलेला असायचा.

आनंदाची पाच नंबरची जर्सी तिनं नव्यानं शिवली, तीच पुढे इंद्रजित घालायचा. कापड जरा फिकं मिळालं. त्या फायनलपासून तिनं दुखावलेल्या पोराला कधी जर्सी दिली नाही. नुसतं बोट मुरगळलेलं असलं तरी ती ट्रंकेचं झाकण लावायची.

शनिवारी सकाळी रेफरी घरी आले. एका शाळेत चित्रकला शिकवणारा हा हळू बोलणारा माणूस. बूट बाहेर काढून ते आत बसले आणि खिशातून एक कागद काढून त्यांनी वाचला. "आपला एक खेळाडू मैदानात शिल्लक आहे. बदली दिल्यास त्याला बाहेर घेता येईल."

मालनआक्काच्या हातातली सुई थांबली. "एवढी वर्सं का सांगितला न्हाईसा?"

"अर्ज नव्हता."

"आता कुणी केला?"

"कुणीच नाही. पण कागद आला."

"बदली कुणीबी चालतोय?"

"नाही. दुखापत घेऊन आत गेलेल्याच्या जागी दुखापतवालाच. आणि नंबर तोच लागतो."

"आणि जो आत जाईल, त्यो बाहीर कवा येणार?"

"त्याची बदली मिळाली की." रेफरींनी चहाचा घोट घेतला. "साखर बेताची आहे. बरं झालं."

ते गेल्यावर मालनआक्कानं कागद मशीनच्या खणात ठेवला आणि दुपारच्या भाकरीला बसली. पीठ मळून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, ते दोघांचं झालं होतं. कोपऱ्यातली खाट कधी झटकली, वरची गोधडी कधी बदलली, तेही तिला आठवेना. आनंदाला गोधडीची लाल बाजू वर लागायची. ती तशीच घातलेली होती.

भाकरी तव्यावर असतानाच इंद्रजितची आई आली. शैला चटणीच्या डंकावर, मिरच्या कुटायच्या यंत्रावर, कामाला. तिखटानं तिची बोटं कायमची लाल झालेली. ती खाटेवर बसायला गेली, गोधडी बघितली आणि खालीच बसली.

"आक्का, पोराच्या गुडघ्यावर लाल ठसा हाय, त्यो माझा."

"दिसला मला."

"रोज सकाळी त्यो उठायच्या आधी पाण्यात अंगठा बुडवून दाबतो मी. वाळाय नगं म्हणून."

मालनआक्कानं भाकरी उलटली. "आई हाईस का कोण गं?"

"तेच इचारायलोय मी मला. गेल्या खेपंला त्यो पडला तवा आवाज मला डंकापतोर ऐकू आला. डंक चालू असताना. तू उद्या जर्सी दिऊ नगंस. मी न्हाई म्हटलं तर जलमभर बोलणार न्हाई त्यो माझ्याशी."

"आणि मी म्हटल्यावर?"

"तुझ्याशी बोलणार न्हाई. तुझं काय जातंय त्यात?"

मशीनच्या खणातला कागद फडफडला. मालनआक्कानं खण हातानं दाबून धरला. "जेवतीस काय?" तिनं विचारलं. "भाकरी जास्त झाल्यात."

चिंचतळपासून मैदान वीस मिनिटांच्या चालीवर. मालनआक्का पन्नास वर्षं दर सोमवारी ती वाट चालत आलेली, तिला पावलं पाठ होती. शनिवारी संध्याकाळी वाट दहा मिनिटांची झाली. पिठाच्या गिरणीला सलून येऊन चिकटलं, आणि दाढीला बसलेल्या माणसाच्या साबणात पीठ पडू लागलं. तो काही बोलला नाही, कारण न्हावी आणि गिरणीवाला दोघं इंद्रजितला खेळवावं की नाही यावर भांडत होते. "त्यो नुसता हुबा ऱ्हायला तरी बास," न्हावी म्हणत होता. "गोल आपसूक आवळतोय."

रविवारी सकाळी तिनं दार उघडलं तर समोर मैदान होतं. गोलची दांडी रात्रीतून आणखी लांबली होती आणि गोलचा डावा खांब मालनआक्काच्या नळाशेजारी रोवलेला होता. चुन्याची पांढरी रेघ उंबऱ्यावरून गेली होती. दाराच्या आत जे होतं ते आता गोलच्या आत होतं. मशीन, ट्रंक, खाट, चूल. प्रेक्षक घरात येऊन बसायला लागले. चौघं मशीनच्या स्टुलावर, सहाजण मांडणीवर भांड्यांच्या मध्ये. खाटेवर मात्र कुणी बसलं नाही.

"आक्का, पाणी मिळंल काय?" मांडणीवरून कुणीतरी म्हणालं.

"बादलीत हाय. भांडी पाडू नका."

सामना चारला होता, पण त्या दिवशी सकाळ आणि चार यांच्यात फारशी जागा उरली नव्हती. जर्सी लगेच वाटाव्या लागणार होत्या. मारुतीपुढे ठेवून तिनं त्या आणल्या आणि ट्रंकेवर मांडल्या. दिलावरमामा एकेक नाव वाचत गेले आणि ती देत गेली. सर्फराजनं जर्सी डोळ्यांना लावली. दहा जर्सी गेल्या. ट्रंकेवर फिका पाच नंबर उरला.

इंद्रजित उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. गुडघ्यावर ठशांची एवढी दाटी झाली होती की माती दिसत नव्हती. फुलवालीचा होता, गिरणीवाल्याचा होता, दिलावरमामांचा नखासकट होता, आईचा लाल होता. मधोमध अंगठ्याएवढी जागा तेवढी कोरी होती.

"तुझी जागा ठेवलोय, आक्का," तो म्हणाला. "दाबून बघ. मगच दे."

"मी दाबत न्हाई."

"मग न दाबता दे."

त्याच्या मागे रेफरी उभे होते. त्यांच्या हातातल्या पाटीवर दोन आकडे होते. हिरवा पाच आत येण्यासाठी, लाल पाच बाहेर जाण्यासाठी. आणि आनंदा आपली आठ पावलं सोडून रेघेपर्यंत आला होता. त्याची पाठ तिच्याकडे होती, डोळे चेंडूवर, आणि एक हात मागे पसरलेला. बदली खेळाडूनं टाळी द्यावी म्हणून धरतात तसा. ती हात लांब करून त्याच्या मानेला शिवू शकली असती. कानामागे तीळ होता. तो तिथं होता हे ती विसरली होती.

बादलीपाशी उभी असलेली शैला दुसरीकडे बघत होती. दगडी वेशीच्या खेळाडूंनी रांग धरली होती. मांडणीवर भांडंसुद्धा वाजत नव्हतं. मालनआक्कानं जर्सी उचलली. तिच्यासमोर दोन हात पसरलेले होते, आणि दोन्ही सारखेच तरुण होते.

"वैनी, दे," इंद्रजित म्हणाला. आपण काय म्हणालो ते त्याला समजलं नाही.

मालनआक्का वळली आणि तिनं जर्सी बादलीत बुडवली. कोपरापर्यंत हात घालून ती तळाला दाबून धरली. बुडबुडे यायचे थांबले तेव्हा वर काढली.

"वली झाली," ती म्हणाली. "पाच नंबर आज बाहीर."

दिलावरमामांनी डोक्यावरची टोपी काढली. रेफरींनी पाटी खाली केली. इंद्रजितचा हात तसाच पुढे राहिला, आणि मग, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून, त्यानं तो खाली नेऊन आपल्या गुडघ्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली.

गुडघा वाजला. नीट भाजलेला माठ वाजावा तसा, खणखणीत. तो आवाज मैदानभर गेला.

सगळ्यांनी शैलाकडे बघितलं. तिनं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला. तो कोरडा होता.

"आज गडबडीत दाबायचा ऱ्हायला," ती म्हणाली.

रेफरींनी घड्याळ बघितलं, शिट्टी मारली आणि सामना सुरू झाला. आनंदा तोवर वळलेला होता. कुठला गुडघा वाजला ते बघायला, पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यानं चेंडूवरची नजर काढली होती, आणि आता तो सरळ मालनच्या तोंडाकडे बघत होता, ओळख पटवत असल्यासारखा. त्याच्या पायांशेजारून चेंडू सावकाश घरंगळत उंबऱ्याकडे येत होता. मालनआक्काच्या दोन्ही हातांत ओली जर्सी होती, आणि तिचं पाणी पांढऱ्या रेघेवर ठिबकत होतं.