अटीची खुर्ची

माझ्या डाव्या मागच्या पायाचं टोक पांढुरकं पडलं आहे. खाऱ्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजून वाळलेलं लाकूड असंच दिसतं. वरचं मीठ पुसलं तरी मूळचा रंग परत येत नाही. डाग एकाच पायाला आहे, कारण ओल्या वाळूत मी नेहमी त्याच बाजूला कलते. मित्रांनो, मी घडीची खुर्ची आहे. मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. अडगळ म्हणाल तर मात्र ऐकून घेणार नाही.

एका सुताराने मला घडवलं. दोन चौकटी कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींत अडकवल्या, मधे पितळी स्क्रू बसवला आणि वर जाड कापड ताणलं. माझ्यात कोणी बसलं की कापड ताणलं जातं आणि मी घट्ट उभी राहते. रिकामी असले की डुगडुगते. हा माझा दोष नाही, माझी रचनाच तशी आहे.

आजोबांनी मला विकत घेतलं ते समुद्रावर न्यायला. तेव्हा ते आजोबा झाले नव्हते आणि आजीही आजी झाली नव्हती. ती ताडपत्री शिवायच्या कारखान्यात पायमशीन चालवायची. माझं पहिलं कापड फाटलं तेव्हा तिने एक उरलासुरला निळा तुकडा आणला आणि दुहेरी टीप घालून मला नवं कापड शिवलं. ते अजून उसवलेलं नाही. समुद्रावर आजोबा माझ्यात बसून पेपर वाचायचे आणि आजी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची. बराच वेळ. कोणी हाक मारली तरी वळून बघायची नाही. घरी एरवी पहिल्या हाकेला धावणारी बाई ती!

आजोबांनी घरात एक रिवाज पाडला. सुट्टीत समुद्रावर कुठे उतरायचं हे ठरवताना मला बैठकीच्या मधोमध उघडायचं. प्रत्येकाने पाळीपाळीने माझ्यात बसून आपली एक अट सांगायची, आणि खुर्चीत बसलेल्याला कोणी मधे तोडायचं नाही. काय मान होता माझा! एकच गोष्ट मला खटकायची. आजीची पाळी आली की ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणायची, "माझं काय, तुम्ही ठरवाल ते." सगळ्यांना बरं वाटायचं. एक अट कमी झाली ना!

आजोबा गेले. तोवर घरात सून आणि नात आल्या होत्या. मशीनच्या पायपट्टीने आजीचे गुडघे कधीच खाऊन टाकले होते. आणि ठरत काय गेलं ते ऐका. एका वर्षी स्वस्त मिळालं म्हणून टेकडीवरचं घर घेतलं. तिथून समुद्र दिसायचा, पण खाली जायला नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. आजी सगळे दिवस व्हरांड्यात माझ्यात बसून सगळ्यांचे ओले टॉवेल उन्हात उलटेपालटे करत राहिली. पुढच्या वर्षी एकावर एक पलंगांची खोली मिळाली. खालच्या पलंगांवर बॅगा आणि आजी जमिनीवर! सकाळी दोघांनी ओढून तिला उभं केलं. त्यानंतर ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. घराला कोणीतरी हवं." कोणालाही नवल वाटलं नाही.

आजी जायची थांबली, तशी माझीही गरज संपली. मला माळ्यावर पिंपामागे कोंबलं. तिथे मी रडत बसले असं समजू नका. मी चिडले होते. अटी मोबाइलवर सांगून व्हायला लागल्या, त्याही मला वर ऐकू यायच्या.

या वर्षी नातीने हट्ट धरला, "आजोबांसारखं ठरवू या, खुर्ची काढा." मुलाने मला खाली उतरवलं आणि मी त्याचं बोट चिमटलं. मुद्दाम.

"आई गं! खुर्ची आहे का खेकडा?"

"उलटी उघडतोयस तू," दारातून आजी म्हणाली.

सून माझ्यात बसली. "माझी अट, स्वतःचं स्वयंपाकघर. आणि भांडी मी एकटी घासणार नाही."

"ही दुसरी अट झाली," मुलगा म्हणाला.

"दुसरी कसली? पहिलीचंच शेपूट आहे ते."

नातीला खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता. शेवटी मुलगा बसला. खर्च आटोक्यात, एवढीच त्याची अट. हातात मोबाइल होताच. "मग ते टेकडीवरचंच घर. सगळं बसतंय त्यात."

"आणि ते दुसरं?" सुनेने विचारलं.

"ते हिरवं लॉज? भाडं तेवढंच. तळमजला आहे, दारातून थेट वाळू. पण स्वयंपाकघर सामाईक आणि खिडक्या रस्त्याकडे. छे! टेकडीचे पैसे भरून टाकतो."

"अहो, आईंना विचारा तरी."

"आईला काय विचारायचं? ती आणि ही खुर्ची घर सांभाळतील. दोघी सारख्याच कुरकुरतात!" तो हसला. सून हसली नाही.

"बाबा," नात म्हणाली, "आजीची अट आत्तापर्यंत काय काय होती?"

मुलाने मोजायला एक बोट वर केलं. तो वाईट नाही, मित्रांनो. त्याने खरंच आठवून पाहिलं. एकही सापडेना.

मला आज कोणी विचारत नाहीये, तरी सांगते. आम्हा जुन्यांना जपायचं असेल तर गुंडाळून ठेवू नका. बाहेर न्या, आमच्यावर वजन टाका, भिजू द्या. पाय पांढरा पडला तर पडू दे. आणि घरात जो कधीच काही मागत नाही, त्याला काही नकोच आहे असं परस्पर ठरवू नका.

आजी भिंतीला धरत बैठकीत आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"ऊठ."

"अगं, माझं अजून..."

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. आजी माझे दांडे धरून सावकाश खाली बसली. इतक्या वर्षांत अट सांगायला ती पहिल्यांदाच माझ्यात बसत होती. तिने गुडघे चोळले.

"आई, हे बघ, त्या पायऱ्या तेवढ्या काही..."

"बाबा, मधे बोलायचं नाही!" नातीने दटावलं.

आजीने मान वर केली.

"टेकडीवर मी येणार नाही, आणि घरही सांभाळणार नाही. मला पाण्यात उभं राहायचंय. त्या हिरव्या लॉजला फोन लाव. तुम्हाला नको असेल, तर माझ्या एकटीपुरती खोली सांग."