एकेचाळीसावं खातं

या नाटकातून मिस ऑर्थेलिया स्ट्रेहॉर्नला मिळायचं होतं ते इतकंच: एकेचाळीस नवी खाती. ती मिळाली तर न्यू कॅनन चर्चच्या तळघरातली पतपेढी टिकणार होती. पतपेढी टिकली तर ज्या खिडकीमागे तिने एकतीस वर्षं काढली, ती खिडकीही टिकणार होती. खर्चाच्या बाजूला होती पीच कॉब्लरची, म्हणजे पीच घालून भाजलेल्या गोडाची, सात ताटं, भाड्याच्या दोन हॅट, आणि चर्चचे सेवेकरी डीकन पेटवे यांचा अभिनय, जो फुकट होता आणि तरीही महाग पडेल अशी तिला धास्ती होती.

संचालक मंडळाची अट साधी होती. तीस तारखेपर्यंत साठ नवे सभासद, नाहीतर पतपेढी मॉलजवळच्या मोठ्या संस्थेत विलीन. चार महिन्यांत आले एकोणीस. पत्रकं वाटून झाली होती, लोक त्यात च्युइंगम गुंडाळत होते. मग ऑर्थेलियाने हिशोब मांडला. डेटन शहराच्या पश्चिम भागात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, माणसं पत्रक वाचत नाहीत, पण नाटक बघायला येतात, त्यातून ते फुकट असेल आणि वर खायला असेल तर चुलतभावंडांनाही घेऊन येतात. म्हणून तिने १९५१ सालच्या बैठकांची वही काढली आणि पतपेढी कशी जन्मली त्याचं नाटक लिहिलं. बेत असा की शेवटचा पडदा पडला की ती टेबल मांडून बसणार, आणि डोळे पुसत आलेली माणसं पंचवीस-पंचवीस डॉलर भरून अर्जावर सह्या करणार.

रविवारी दुपारी चारला हॉल भरला. ऑर्थेलिया रंगमंचाच्या कडेला वही घेऊन उभी राहिली. नाटकाकडे तिची पाठच होती म्हणा ना. ती प्रेक्षक मोजत होती.

दुसऱ्या प्रवेशात ओबेडाया न्हावी घरासाठी कर्ज मागायला बँकेत जातो. बँकेचा गोरा साहेब झाले होते डीकन पेटवे. तोंडाला पावडर, डोक्यावर राखाडी हॅट. आयुष्यभर टपाल वाटलेला हा गरीब माणूस टेबलावर शहराचा नकाशा पसरून इतका थंड हसला की पुढच्या रांगेतली पोरं मोबाइल खिशात घालून बसली. नकाशावर नदीच्या पश्चिमेचा सगळा भाग लाल रंगवलेला.

"घर कुठं म्हणालात?"

"नदीच्या पश्चिमेला, साहेब."

"तिकडं आम्ही कर्ज देत नाही."

"पण माझी ठेव घेता!"

"ठेव घेतो. ठेवीला रंग नसतो."

"आहा!" मागून कोणीतरी ओरडलं. "ऐकतोयस ना देवा? लिहून ठेव!"

"पंधरा वर्षं भाडं वेळेवर भरलंय, साहेब. एक दिवस चुकला नाही."

साहेबाने हॅट सारखी केली. "यावर आम्ही कसा विश्वास ठेवायचा?"

"माझ्या बापाला विचार!" तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा उभाच राहिला. "त्याला पत्र आलं होतं असलंच! सही पण केली नव्हती मेल्यांनी, शिक्का मारला होता!"

"बसा हो, तो डीकन पेटवे आहे," बायको त्याचा कोट ओढत होती.

"असू दे! त्याला सांग, माझ्या दारात पत्रं टाकायचा तेव्हाही मला संशय होताच!"

हॉल हसून कोसळला. मध्यंतरात मात्र कोणी हसलं नाही. पेटवे पावडर न पुसताच कॉब्लरच्या टेबलाशी गेले, तर वाढणाऱ्या बाईने चमचा खाली ठेवला. "संपलं," ती म्हणाली. तिच्यासमोर चार ताटं भरलेली होती.

"अगं सिस्टर, मी लूशियस आहे, लूशियस पेटवे!"

"ते मला माहीत आहे. पण हात वळत नाही माझा, काय करू?"

घोटाळा झाला शेवटच्या प्रवेशात. ओबेडाया आपल्या दुकानात शेजाऱ्यांना जमवतो, खुर्चीवर सिगारची रिकामी पेटी ठेवतो आणि म्हणतो, "कोणी आपल्यावर विश्वास ठेवत नसेल तर आपणच एकमेकांवर ठेवू. ज्याचा विश्वास असेल त्याने पुढे यावं." इथे ऑर्गनवर काहीतरी गंभीर वाजवायचं ठरलं होतं. वाजवणाऱ्याला गंभीर असं एकच येत होतं, ते त्याने वाजवलं. दर रविवारी दानाच्या वेळी वाजतं ते.

झालं. मदर ब्लेडसो, वय एक्क्याण्णव, चाळीस वर्षं चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची मुख्य, पहिल्या रांगेत उठून उभी राहिली. पांढरा हातमोजा वर गेला. मोजा वर गेला की या चर्चमध्ये रांग उठते. पहिली रांग उठली, मग दुसरी. माणसं पाकिटं काढत, गुणगुणत, बाजूच्या वाटेने रंगमंचावर चढू लागली. सिगारच्या पेटीत नोटा पडू लागल्या. ओबेडाया झालेला पोरगा हातातला कंगवा विसरून बघतच राहिला.

ऑर्थेलियाने लगेच हिशोब केला. नोटांना नाव नसतं. पेटीत हजार डॉलर पडोत की दहा हजार, सही नाही, अर्ज नाही, म्हणजे खाती शून्य. वर लोकांना वाटणार, आपण आपलं दिलं. आता ते परत टेबलाशी कशाला येतील? तिने वहीत रांगा टिपल्या, ती सवयच. सगळे उठले. चौथ्या रांगेतली एक मुलगी तेवढी उठली नाही. तिच्या खांद्यावर पोर झोपलं होतं.

शेवटची रांग परतली तशी ऑर्थेलिया रंगमंचावर गेली आणि पेटीचं झाकण लावलं.

"मंडळी, हे दान नाही. हे मी ठेवून घेऊ शकत नाही. प्रत्येकाने टेबलाशी यायचं, किती टाकले ते सांगायचं आणि आपले पैसे आपल्या नावावर लावून घ्यायचे. खातं नसेल तर उघडायचं. नको असेल तर परत न्यायचे."

"पुरावा काय द्यायचा, मिस ऑर्थेलिया?" एकाने विचारलं.

"काही नाही. तुम्ही सांगाल तेवढे."

मग मागून आवाज आला, "काय म्हणाली ती?" आणि मदर ब्लेडसो जोरात म्हणाली, "म्हणाली, तोंडाचा शब्द चालेल. चला, पहिली रांग!"

मोजा पुन्हा वर गेला.

दीड तास रांग चालली. "माझे दहा." "माझे तीस, आणि याचे पाच, हा आपले वीस म्हणेल, ऐकू नका." कोणी म्हणालं माझे राहू देत, कलाकारांना जेवण द्या. ऑर्थेलिया म्हणाली, "कलाकारांनी कॉब्लर खाल्लंय." पेटवेंनी दुरून तिच्याकडे पाहिलं. ज्यांचे पंचवीसला कमी पडत होते ते खिसे चाचपून भर घालत होते. जुने सभासद आपले आपल्या खात्यात लावून गेले. रांग संपली तेव्हा तिने नवे अर्ज मोजले, पुन्हा मोजले.

चाळीस.

तेवढ्यात चौथ्या रांगेतली मुलगी समोर आली. पोर अजून खांद्यावरच.

"जनेसा टॉलिव्हर," ती म्हणाली. "मी... मी पंचवीस टाकले होते."

ऑर्थेलियाने चष्म्यावरून पाहिलं. वहीत चौथ्या रांगेसमोर लिहिलेलं होतं: एक उठली नाही. तिने तोंड उघडलं आणि यावर मी कसा विश्वास ठेवायचा, हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं. तिनेच लिहिलेलं, तीन आठवडे तालमीत पेटवेंकडून घोटून घेतलेलं. तिने ते गिळलं.

दुसरी गोष्ट तिला त्याहून लवकर दिसली होती हेही खरं. ही सही म्हणजे एकेचाळीस. ऑर्थेलिया स्वतःशी खोटं बोलत नसे. या खोट्यात आपला वाटा किती ते तिला बरोबर ठाऊक होतं.

"पगार कुठं मिळतो तुला, बाळ?"

"हॉस्पिटलच्या लाँड्रीत. चेक कोपऱ्यावरच्या दुकानात वटवते. शंभराला चार कापतो तो."

"इथं काही कापत नाहीत. शुक्रवारी चेक घेऊन ये." तिने अर्ज पुढे सरकवला. "ओळखपत्र दाखव. इथं सही. इथं पण."

जनेसाने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सावकाश, जपून सही केली. खाली पाहतच म्हणाली, "शुक्रवारी मी पन्नास भरेन."

"पंचवीस जास्तीचे कशाला?"

"असंच," जनेसा म्हणाली, आणि पासबुक घट्ट धरून गेली.

हॉल रिकामा झाल्यावर ऑर्थेलियाने पावत्यांची बेरीज केली. दोन हजार एकशे पाच. मग पेटी पालथी घातली. जनेसाचे न टाकलेले पंचवीस कमी भरायला हवे होते. भरले दोन हजार शंभर. तिने तिसऱ्यांदा मोजलं. कमी होते पाचच.

म्हणजे कोणीतरी वीस टाकले होते आणि मागायला आलं नव्हतं.

पेटवे खुर्च्या रचत होते. कानामागे पावडर अजून होती.

"डीकन, तुमच्या खात्यावर आज काही लागलं नाही."

"नाही."

"पेटीत टाकले होते?"

"रांग समोरून जात होती, मिस ऑर्थेलिया. मोजा वर गेला की माझा हात खिशात जातो, मी काय करू? डोक्यावर हॅट आहे हे विसरलोच."

"मग मागायला का नाही आलात?"

"या तोंडाने?" त्यांनी गालावरून बोट फिरवलं. पांढरं झालं. "सगळ्या हॉलसमोर येऊन म्हणू, माझे पैसे परत द्या? जिवंत सोडलं असतं का मला?"

ऑर्थेलियाने पर्स उघडली, पाचची नोट पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. मग टेबलाखालून कॉब्लरचं एक ताट काढलं. ते तिने मध्यंतरापासून झाकून ठेवलं होतं.

पेटवे खात होते तेव्हा तिने वहीचं पान पुरं केलं. नवी खाती एकेचाळीस. एकेचाळीसाव्याची पहिली ठेव पंचवीस डॉलर: पाच ऑर्थेलिया स्ट्रेहॉर्नने भरले, वीस बँकेच्या साहेबाने.